नवा लॅपटॉप, जुनी बोटे



गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी दापोऱ्यातील माझ्या दवाखान्यात केळीची बाग करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ मुलाला सोबत घेऊन आले. कमरेच्या मणक्याचा एमआरआय करून आणला होता. पिशवीतून त्यांनी अहवाल काढला, फिल्म काढली आणि शेवटी प्लास्टिकच्या पाकिटातील सीडी माझ्या हाती ठेवली. फिल्मवरील चित्रे लहान व अंधूक होती. सीडीवरील चित्रे मोठी करून पाहता आली असती, तर मज्जातंतूच्या मुळावर नेमका किती दाब आहे याचा अंदाज तेथेच बांधता आला असता. मी सवयीने लॅपटॉपच्या उजव्या कडेला हात नेला. तेथे गुळगुळीत धातूखेरीज काही नव्हते. जुना लॅपटॉप बदलून जेमतेम तीन आठवडे झाले होते. बाबा माझ्याकडे आणि सीडीकडे आळीपाळीने पाहत राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मशीन तर नवीन दिसतंय. मग हिला जागा कुठं?"

या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. मात्र व्यावसायिकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची ठेवण बदलली की वापरणारे एवढे का चिडतात, त्यांची चीड कितपत खरी असते आणि ती कशी ओळखावी, याविषयी वाचन सुरू झाले. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा आणि थोड्या स्वानुभवाचा परिपाक आहे.

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण ॲपल कंपनीच्या मॅकबुक प्रोचे. २७ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीने या लॅपटॉपची नवी आवृत्ती जाहीर केली. तिच्यात चार्जरची चुंबकीय जोडणी नव्हती, नेहमीचे यूएसबी पोर्ट नव्हते, पडदा किंवा प्रोजेक्टर जोडण्याचे एचडीएमआय नव्हते आणि कॅमेऱ्याचे एसडी कार्ड घालण्याची खाचही नव्हती. या सर्वांच्या जागी एकाच आकाराचे दोन किंवा चार यूएसबी-सी पोर्ट आले. हेडफोनचे भोक तेवढे शिल्लक राहिले. महाग आवृत्त्यांत कळफलकाच्या वरच्या ओळीतील बटणे जाऊन तेथे 'टच बार' नावाची काचेची चकाकती पट्टी बसली आणि 'एस्केप'चे बटणही त्या काचेत विरघळले. यातील चुंबकीय जोडणीचे लोकांना विशेष दुःख झाले. २००६ मध्ये आलेल्या या सोयीमुळे तारेत पाय अडकला तर तार सुटून येई आणि लॅपटॉप टेबलावरच राही. दवाखान्यात लहान मुले कशी वावरतात हे जाणणाऱ्यास त्या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

छायाचित्रकार, चित्रपट-संकलक, संगणकतज्ज्ञ या सर्वांनी एकच ओरड केली. प्रत्येक जुन्या उपकरणासाठी वेगळा जोड-तुकडा विकत घ्यावा लागत होता. कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये या तुकड्यांच्या किमती वर्षअखेरपर्यंत उतरवल्या. माझ्या मते ही तक्रार ऐकून घेतल्याची पहिली, नाइलाजाची कबुली होती. डिसेंबरमध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकेतील ग्राहक-संस्थेने बॅटरीच्या बेभरवशी आयुष्यामुळे या लॅपटॉपची शिफारस नाकारली. पुढे ब्राउझरच्या आज्ञावलीतील एक दोष सापडला, तो दुरुस्त झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये संस्थेने आपले मत बदलले. म्हणजे लक्षण खरे होते, निदान मात्र दुसरेच निघाले. आपल्यापैकी कोणाला याचे नवल वाटेल असे नाही.

कळफलकाची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१५ च्या १२ इंची मॅकबुकपासून कंपनीने बटणांखाली 'फुलपाखरू' पद्धतीची यंत्रणा बसवली होती आणि तीच या नव्या आवृत्तीत सुधारून घेतली. हेतू लॅपटॉप अधिक पातळ करण्याचा होता. जुन्या कात्रीसारख्या यंत्रणेत बटण ज्या मानाने खाली जात असे, त्याच्या निम्म्याच्या आसपास ते आता दबू लागले. जागा इतकी आवळली की धुळीचा एखादा कण आत शिरला तरी अक्षर उमटेनासे होई किंवा दोनदा उमटे. त्यातही बॅटरी आणि कळफलक वरच्या पत्र्यालाच जखडलेले असल्याने एका बटणासाठी सारा वरचा भाग बदलावा लागे. हे म्हणजे दाढ दुखते म्हणून जबडा बदलण्यासारखे झाले. २०१८ च्या जूनमध्ये कंपनीने विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. तरीही मार्च २०१९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या स्तंभलेखिका जोआना स्टर्न यांनी आपल्या बिघडलेल्या कळफलकाची व्यथा 'ई' आणि 'आर' ही दोन अक्षरे गाळून छापली. वाचकांना ती अक्षरे स्वतः भरून घ्यावी लागली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये १६ इंची आवृत्तीत कात्रीची यंत्रणा व खरेखुरे 'एस्केप' बटण परतले. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या १४ व १६ इंची आवृत्त्यांत चुंबकीय जोडणी, एचडीएमआय आणि एसडी कार्डची खाच ही तिन्ही परत आली आणि टच बार गेला. १३ इंची आवृत्तीत तो २०२३ पर्यंत रेंगाळला. फुलपाखरू कळफलकावरून अमेरिकेत झालेल्या सामूहिक दाव्यात २०२२ मध्ये कंपनीने, दोष मान्य न करता, ५ कोटी डॉलरची तडजोड केली. आरडाओरडा हट्टी लोकांचा म्हणून बाजूला सारला असता, तर हा सारा उलटा प्रवास झालाच नसता. मात्र त्यासाठी पाच वर्षे जावी लागली.

येथे दुसऱ्या एका घराण्याची कथा सांगितली पाहिजे, कारण तीत हाच धडा आधीच गिरवला गेला होता. १९९२ मध्ये आयबीएमने काढलेला थिंकपॅड हा काळ्या रंगाचा चौकोनी लॅपटॉप, मधोमध लाल टोपीची छोटी दांडी असलेला, अनेकांनी बँकांत व कचेऱ्यांत पाहिला असेल. रिखार्ड सापर या जर्मन रचनाकाराने जपानी जेवणाच्या डब्यावरून त्याचे रूप सुचवले होते. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. २०१२ मध्ये त्याचा सात ओळींचा प्रख्यात कळफलक जाऊन सहा ओळींचा आला. त्यानंतरच्या एका आवृत्तीत लाल दांडीची वेगळी बटणे टचपॅडमध्ये विलीन झाली. आणि २०१४ च्या एक्स-वन कार्बनमध्ये वरच्या ओळीच्या जागी स्पर्शाची पट्टी आली, ॲपलच्या टच बारच्या तब्बल दोन वर्षे आधी! ग्राहकांनी ती मुळीच स्वीकारली नाही. २०१५ मध्ये खरी बटणे परत आली आणि लाल दांडीची बटणेही परतली. त्याच वर्षी कंपनीचे रचनाप्रमुख डेव्हिड हिल यांनी जुन्या चाहत्यांना उघडपणे विचारले की जुन्या धाटणीचा लॅपटॉप काढला तर त्यात काय हवे. २०१७ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला सात ओळींच्या कळफलकाची एक मर्यादित आवृत्ती निघाली. एका कंपनीने जी पट्टी वर्षभरात मागे घेतली, तीच दुसरीने दोन वर्षांनी मोठ्या थाटात सादर केली. शेजारच्या वॉर्डातील केसपेपर कोणी वाचत नाही, हेच खरे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादे बटण दोन बोटे सरकले तर शहाणासुरता माणूस एवढा का संतापतो? याचे उत्तर मेंदूविज्ञानात आहे. शस्त्रक्रियेने दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा आतील भाग १९५३ मध्ये काढल्यामुळे नवी स्मृती गमावून बसलेला 'एच. एम.' हा रुग्ण आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत तो त्यात तरबेज झाला. गंमत अशी, की आपण हे पूर्वी कधी केले आहे याची त्याला प्रत्येक वेळी काहीच आठवण नसे. हाताचे कौशल्य वेगळ्या कोठारात साठते. बेसल गँग्लिया व लहान मेंदू ते सांभाळतात आणि 'मला हे ठाऊक आहे' या जाणिवेशी त्याचा फारसा संबंध नसतो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०१३ मधील प्रयोगात सराईत टंकलेखकांना रिकाम्या कळफलकाचे चित्र देऊन अक्षरे भरावयास सांगितली. मिनिटाला सरासरी ७२ शब्द टंकणाऱ्या या मंडळींना सरासरी १५ अक्षरांच्याच जागा बरोबर सांगता आल्या. बोटांना जे ठाऊक होते ते त्यांच्या धन्याला ठाऊक नव्हते.

त्यामुळे ठेवण बदलली की दोन वेगवेगळी दुखणी एकाच वेळी उद्भवतात आणि दोघांचे लक्षण एकच असते: तक्रार. मराठीत बटणालाही 'कळ' म्हणतात आणि वेदनेलाही, हा योगायोग येथे मोठा समर्पक आहे. पहिले दुखणे जुने शिकलेले विसरण्याचे. ते तीव्र असते, पण आपोआप बरे होते. कळफलकाची सवय पंधरवड्यात, फार तर महिन्यात होते. दुसरे दुखणे रचनेतच असते. ते सवयीने बरे होत नाही, उलट वापराबरोबर वाढते. पहिल्या आठवड्यात या दोन्हींत फरक करणे जवळजवळ अशक्य असते. कंपन्यांची चूक येथेच होते. 'लोकांना बदल आवडत नाही' असे म्हणून त्या दोन्ही तक्रारी एकाच पोत्यात भरतात आणि पोत्याचे तोंड बांधतात. उलट बाजूने, ग्राहकही पहिल्या चार दिवसांतच निकाल देऊन मोकळा होतो.

आपल्या व्यवसायात निदानासाठी जे प्रश्न आपण रुग्णाला विचारतो, तेच येथेही उपयोगी पडतात असे मला आढळले. किती दिवसांपासून? वाढते आहे की कमी होते आहे? ज्याने जुनी वस्तू कधी वापरलीच नाही, त्यालाही हाच त्रास होतो का? आणि सर्वांत बोलका प्रश्न: त्यावर उपाय म्हणून रुग्णाने स्वतःच्या खर्चाने काय चालवले आहे? सहा महिन्यांनंतरही जो माणूस पिशवीत तीन-चार जोड-तुकडे बाळगून फिरतो, त्याची तक्रार पहिल्या प्रकारची नव्हे. याच कसोटीवर २०१२ मध्ये ॲपलने रेटिना मॅकबुक प्रोमधून सीडी-ड्राइव्ह काढला तेव्हाची ओरड बहुतेकांच्या बाबतीत ओसरली, कारण गाणी व आज्ञावल्या इंटरनेटवरून येऊ लागल्या होत्या. फुलपाखरू कळफलकाची तक्रार मात्र महिन्यागणिक वाढली.

पण 'बहुतेकांच्या बाबतीत' या शब्दांकडे लक्ष द्यावे. त्या बहुतेकांत आपण नव्हतो. जगाने सीडी सोडली आणि एमआरआयच्या केंद्रांनी ती सोडली नाही. क्ष-किरण, सीटी, एमआरआय यांची चित्रे साठवण्याचे 'डायकॉम' हे प्रमाण १९९३ पासून स्थिर आहे. ती चित्रे रुग्णाच्या हाती देण्याचा मार्ग मात्र बहुतांश ठिकाणी तबकडीवरच थांबला. मोठ्या रुग्णालयांत चित्रे तारेवरून येतात, त्यांना काही अडत नाही. दापोरा, शाहपूर, इच्छापूर या परिसरातील रुग्ण बऱ्हाणपूर, भुसावळ, जळगाव किंवा इंदूरहून चित्रे पिशवीत घेऊन येतो. त्याची नोंद तो स्वतःच वाहतो, आणि ती उघडण्याची खाच आम्ही नवेपणाच्या नादात गमावतो.

अशीच गत रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राची. प्रयोगशाळेतील अनेक जुनी यंत्रे आणि काही ईसीजी यंत्रे अजून नऊ पिनांच्या सिरीयल जोडणीने बोलतात. तिचे मूळ १९६० च्या आरएस-२३२ या प्रमाणात आहे. लॅपटॉपवरून ती जोडणी केव्हाच गेली. पॅनासोनिकच्या 'टफबुक'सारख्या दणकट यंत्रांवर ती आजही मागणीनुसार मिळते, पण त्यांची किंमत ग्रामीण दवाखान्याच्या आवाक्यातील नाही. सभागृहांत प्रोजेक्टरला निळी व्हीजीए तार असते, तीही १९८७ ची. २०१० मध्येच इंटेल, एएमडी व काही संगणक-कंपन्यांनी २०१५ पर्यंत ती संपवण्याचे जाहीर केले होते. आपल्या परिषदांत व्याख्यान सुरू होण्यापूर्वी 'कोणाकडे कन्व्हर्टर आहे का' अशी जी हाक उठते, तिचे मूळ येथे आहे. एका शैक्षणिक सत्रात मधुमेहावरील माझी पंचवीस मिनिटे अशाच एका तुकड्याच्या शोधात गेली आणि अध्यक्षांनी उरलेल्या दहा मिनिटांत विषय आटोपावयास सांगितले.

आणि बॅटरी! पूर्वी लॅपटॉपची बॅटरी खालून काढता येई. आरोग्य शिबिराला जाताना दुसरी भरलेली बॅटरी पिशवीत टाकली की दिवसभराची ददात मिटे. आता ती बहुतेक ठिकाणी आत बंद झाली आहे. थिंकपॅडच्या टी मालिकेत २०१८ च्या टी-४८० मध्ये ती बाहेरून बदलता येत होती, पुढच्या वर्षीच्या टी-४९० मध्ये आली नाही. शहरातील वापरणाऱ्याने ही तक्रार फार काळ केली नाही, कारण त्याला प्रत्येक भिंतीत वीज मिळते. वीज कधी जाईल याचा नेम नसलेल्या गावातील वापरणारा अजूनही करतो. पण त्याचा आवाज रचनाकाराच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, कारण तो महागडे लॅपटॉप संख्येने फार घेत नाही.

याचा अर्थ सर्वच बदल चुकीचे असे मुळीच नाही. यूएसबी-सी हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१६ मध्ये ज्याला लोकांनी नावे ठेवली, तेच पोर्ट आज फोन, टॅबलेट व लॅपटॉप यांना एकाच तारेने चार्ज करते. युरोपीय महासंघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपसाठी ते बंधनकारक केले. २०२१ मध्ये जुने पोर्ट परत आणताना ॲपलनेही यूएसबी-सी काढले नाही, दोन्ही ठेवले. दिशा बरोबर होती, घाई मात्र नडली. औषधाची मात्रा एकदम दुप्पट करून मग रुग्णाला दोष देण्यासारखा तो प्रकार होता. याउलट काही तक्रारी अशा असतात की त्या ऐकल्या तरी कोणाचे समाधान होत नाही. थिंकपॅडवर 'कंट्रोल' बटण अगदी कोपऱ्यात नसून त्याच्या आत आहे, ही तक्रार लोक अनेक वर्षे करीत होते. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बटणांची अदलाबदल करण्याची सोयही होती. २०२४ मध्ये कंपनीने नव्या यंत्रांवर खरोखरच जागा बदलली. ज्यांची बोटे तीस वर्षे जुन्या जागी घडली होती, त्यांना आता नव्याने शिकावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्यातील टंकलेखकांनी हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. रेमिंग्टनच्या ठेवणीवर देवनागरी शिकलेल्या बोटांना १९८६ मध्ये शासनाने प्रमाण ठरवलेली इनस्क्रिप्टची ठेवण आजही परकी वाटते. इनस्क्रिप्टची मांडणी अधिक शास्त्रशुद्ध आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. तरीही कोर्टाबाहेर अर्ज टंकून देणाऱ्यास ती कोणी पटवून देऊ शकलेले नाही. त्याला दिवसाला चाळीस अर्ज संपवायचे असतात. शास्त्रशुद्धतेचा पंधरवडा त्याला परवडत नाही.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती स्पर्शाची बाब, आणि तिच्यात डॉक्टरांचा स्वतंत्र स्वार्थ आहे. बटणाला कड असते, उंची असते, दाबल्यावर ते प्रतिसाद देते. बोटाला ते न पाहता सापडते. सपाट काचेवर मात्र डोळ्यांनी पाहिल्यावाचून बोट योग्य जागी पडत नाही. रुग्ण सांगत असतो, 'रात्री छातीत जरा भरून आल्यासारखं झालं,' आणि ते सांगताना त्याची मूठ छातीवर जाते की बोट पोटाकडे जाते, हे पाहण्याचा क्षण एकच असतो. त्या क्षणी माझी नजर काचेवरील बटण शोधत असेल, तर मला शब्द मिळतात, मूठ मिळत नाही. यंत्रावर नोंद करणाऱ्या डॉक्टरांविषयी रुग्णांची जी नेहमीची तक्रार आहे, की साहेब आमच्याकडे बघतच नाहीत, तिच्यात यंत्राच्या ठेवणीचाही थोडा वाटा आहे. (बाकीचा आपला.)

काचेवरील बटणांची किंमत जहाजांनीही मोजली आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि १० नौसैनिक मरण पावले. सुकाणू व वेग यांचे नियंत्रण स्पर्शपडद्यावर होते आणि ते कोणत्या जागेवरून चालू आहे याचा खलाशांना उलगडा झाला नाही. प्रशिक्षणाचा अभाव हेही कारण होतेच. २०१९ मध्ये नौदलाने अशा जहाजांवर वेगनियंत्रणासाठी पुन्हा हाताने ढकलावयाचे खटके बसवण्याचे ठरवले. खलाशांना विचारले तेव्हा त्यांचीही हीच मागणी होती.

म्हणून नवा लॅपटॉप घेणाऱ्या सभासदबंधू-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की दुकानात त्याचा पातळपणा पाहण्यापूर्वी आपल्या टेबलावरील तारा एकदा मोजाव्यात: प्रिंटर, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली, प्रोजेक्टर, सीडी, प्रयोगशाळेतील यंत्र. त्यांपैकी कोणती तार यंत्रात थेट जाईल आणि कोणतीला तुकडा लागेल, याची यादी करून दुकानदाराला ती वाचून दाखवावी. कळफलकावर उभ्याउभ्या स्वतःचे नाव टंकून समाधान मानू नये. बसून, समोर पाहत, एका रुग्णाची पूर्ण नोंद टंकून पाहावी. जुने यंत्र त्याच दिवशी विकू नये. सहा आठवडे दोन्ही ठेवावीत आणि सहाव्या आठवड्यातही जी गैरसोय जुन्या यंत्राकडे ओढून नेते, ती कंपनीला लेखी कळवावी. पहिल्या दिवशीच्या संतापापेक्षा त्या पत्राला अधिक वजन असते.

त्या बाबांची सीडी मी दुसऱ्या दिवशी पाहिली. जुना लॅपटॉप कपाटातून काढून पुसला, सुरू होण्यास त्याने सात मिनिटे घेतली, पण चित्रे उघडली. उजव्या बाजूचे मूळ दाबले गेले होते. शस्त्रक्रियेची घाई नव्हती, विश्रांती व औषधांवर थांबता येण्यासारखे होते, आणि मुलाला फोन करून तसे कळवले. आता तो लॅपटॉप रक्तपेशींच्या यंत्राशेजारी कायमचा मांडला आहे. त्याची बॅटरी संपली आहे, एक बिजागरी सैल आहे आणि आमच्या कंपाउंडरने त्याच्यावर चिकटपट्टीने कागद लावला आहे: 'हात लावू नये, चालू आहे.'